तपकिरी कुत्रा

"दुखतंय का?" बुरुल्चानं विचारलं.

"नाही दुखत," सासू म्हणाली.

नळाखाली हात होता तो सुनेचा. साल्किन तिचं नाव. डाव्या हाताच्या आतल्या अंगाला दात रुतले होते आणि गावच्या दवाखान्याची नर्स बुरुल्चा कपड्याच्या साबणानं ती जखम धूत होती. पाणी डोंगरावरून येणारं, बर्फासारखं. साल्किन खाली बघत होती. सासूसमोर सुनेनं तोंड उघडायचं नसतं, आणि सासू, तोकोन आपा, दोघींच्या वाटचं बोलायला समर्थ होती.

आपानं सगळं सांगून टाकलं. चावला तो घरचाच पांढऱ्या छातीचा कुत्रा, अकतोश. तो खात होता आणि हिचा पाय त्याच्या भांड्याला लागला. त्याला वसंतातच लस टोचून आणली आहे, त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

"आमचा अकतोश चावत नाही गं," आपा म्हणाली. "त्यानं फक्त आपलं मत सांगितलं."

बुरुल्चा हसली. जखम पुसून तिनं कार्ड पुढं ओढलं. कुत्रा घरचा, शेजारचा, बेवारस की रानातलं जनावर, प्रत्येकाला वेगळा आकडा असतो आणि पुढचं सगळं त्या आकड्यावर चालतं. घरचा असेल तर दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवायची, तो धड राहिला तर काम संपलं. बेवारस असेल तर सहा इंजेक्शनं, तीही जिल्ह्याला जाऊन.

लिहिता लिहिता तिची नजर साल्किनच्या स्वेटरवर गेली. बाही धड होती. एक धागा उसवलेला नव्हता. डोंगरावर गारठा पडलेला, बायका मनगटापर्यंत लोकर घालून फिरत होत्या, आणि दात नेमके उघड्या हातावर बसले होते, जणू बाही आधीच वर सारली होती. बुरुल्चानं वर पाहिलं. साल्किन तिच्याकडेच बघत होती.

मग बुरुल्चाला जिल्ह्याची गाडी आठवली. ती अक-किया गावावरून जाते, तिथं चहाला थांबते. अक-किया साल्किनचं माहेर. सासरच्यांनी मेंढ्या आणि मानपान घेऊन वाजतगाजत नेल्याशिवाय सुनेनं माहेरी पाऊल टाकायचं नाही, आणि आपाच्या घरी यंदा चारा कमी, पुढच्या वर्षी बघू, असं करत दोन हिवाळे गेले होते. गेल्या वर्षी शेजारच्या जामालला जिल्ह्याच्या बाजारात कुत्रा चावला, तेव्हा ती इंजेक्शनांसाठी एकटी जाऊन येत होती. येताना दरवेळी अक-कियाच्या चहाचं कौतुक करायची.

बुरुल्चानं पेन खाली ठेवलं. ज्याला चावा बसला त्याच्याच तोंडून ऐकून लिहायचं असा नियम आहे, असं ती आपाला म्हणाली. नियम होताच. पाळत मात्र कुणी नव्हतं.

"विचार की," आपा म्हणाली. "मी काय तिचं तोंड शिवलंय?"

साल्किन बुरुल्चाला थोरल्या बहिणीसारखी हाक मारत हळूच म्हणाली, "आमचा नव्हता, एजे. तपकिरी होता. कब्रस्तानाकडून आला."

आपा आधी हसली. मग हसायची थांबली. अख्ख्या गावात तपकिरी कुत्रा नाही, ती म्हणाली, हा काय कबरीतून उठून आला?

बुरुल्चानं साल्किनला समजावलं. जामालची गोष्ट वेगळी, ती बाजारात घडली. गावात बेवारस कुत्रा चावला असं लिहिलं की फोन करावा लागतो आणि पहाटे बंदूकवाले येतात. कुत्रा कुणाचा हे ते विचारत नाहीत, मोकळा दिसला की गोळी घालतात.

"आणि अकतोशला बांधायचं," आपा म्हणाली, "म्हणजे मेंढ्या लांडग्यांना ताटात वाढायच्या. सांग, कोणता होता?"

साल्किनचा चेहरा उतरला होता. त्या घरात तिच्या हाकेला ओ देणारा अकतोशच एक होता. ती धुतलेला हात उराशी धरून उभी राहिली.

"तपकिरी," ती म्हणाली.

बुरुल्चानं आकडा लिहिला, शिक्का मारला आणि जिल्ह्याला फोन केला. त्यांनी बंदूकवाल्यांसाठी पत्ता विचारून घेतला. उद्या पहिल्या गाडीनं या म्हणाले.

आपा उठली. तिनं ओढणी नीट केली आणि चिडल्याचं काही दाखवलं नाही. तिनं एवढंच विचारलं की गाडीत दोन जागा मिळतील ना. सुनेला एकटीला कसं पाठवायचं, सहाही वेळा आपण सोबत जाऊ.

"अक-कियाला गाडी थांबते," बुरुल्चा म्हणाली. "चहाला."

"थांबू दे. आम्ही आतच बसू," आपा म्हणाली. "मानपानाशिवाय विहिणीच्या दारात कोणत्या तोंडानं उभी राहू मी?" आणि ती जोडे घालायला बाहेर गेली.

साल्किन टेबलाशी आली. "एजे, ते खोडता येईल?"

बुरुल्चानं फोनकडे पाहिलं आणि नाही अशी मान हलवली.

खिडकीतून दोघी जाताना दिसल्या. आपा पुढं, साल्किन मागं. भिंतीच्या उन्हातून पांढऱ्या छातीचा एक मोठा कुत्रा उठला, त्यानं अंग झटकलं आणि साल्किनच्या मागं निघाला. ती थांबली. आपाची तिच्याकडे पाठ होती. साल्किननं वाकून दगड उचलला आणि डोंगराकडे बोट दाखवून त्याच्यावर भिरकावला. मग दुसरा.

दगड कुत्र्याच्या पुढ्यात पडला. त्यानं तो हुंगला, तिच्याकडे पाहिलं, आणि शेपटी हलवत आणखी जवळ आला.