पहिला तास

"दाजी, क्षिप्राच्या हातचं पाणी तोंडात पडल्याबिगर आक्काला हलवायची न्हाई," हौसेराव म्हणाले. बहिणीसाठी माहेरची शेवटची हिरवी साडी घेऊन ते नुकतेच साताऱ्याहून सानपाड्याला पोचले होते. काचेच्या झाकणाची थंड पेटीही त्यांनीच वाटेतून फोन करून सांगितली होती. "पेटी दोन दिवसांसाठी घेतलीय. परवा पोरगी येईल, मग काय ते करू."

"तिला येता येणार नाही," मधुकरराव म्हणाले.

"न्हाई कसं? मगाशी सोताच म्हणाली ना, निघते म्हणून?"

"तिच्या व्हिसाची मुदत वाढवायचा अर्ज अडकलाय. आत्ता अमेरिकेबाहेर पडली तर परत जायला नवा शिक्का लागेल. त्याच्या तारखा पुढच्या वर्षीच्या मिळतायत. जावई आणि नात जाई तिच्याच व्हिसावर आहेत तिथं."

"म्हंजे आईच्या मयताला येऊ देत न्हाईत?"

"येऊ देतात. परत जाऊ देत नाहीत."

"आन तिकडं शाळांत मास्तर मिळत न्हाईत म्हणून तेच घेऊन गेले होते ना तिला?"

"मामा, तिची इथली जागाही अजून भरलेली नाही," सरोजिनी म्हणाली. कोपरखैरण्याच्या शाळेत ती क्षिप्राबरोबर शिकवायला होती. "तासिकेवर, नुसत्या तासाच्या पैशांवर माणसं येतात, चार महिन्यांत जातात."

"मग ये म्हणावं घरी. दोन्हीकडं वर्ग मोकळेच हायत."

"तासिकेवर?" मधुकररावांनी विचारलं.



फोन वाजला. कमी ऐकू येत असल्यामुळं मधुकरराव नेहमी स्पीकरवरच बोलत.

"बाबा, तिकीट मिळतंय. रजा सांगायला शाळेत आलेय, इथूनच विमानतळावर जाते. आईला ठेवा, बाबा. मामाला सांगा."

"वकील काय म्हणाला?"

"जाऊ नका म्हणाला. तो म्हणणारच. त्याची आई गेलीय का?"

"आणि जाई?"

"बघू. होईल काहीतरी. तुम्ही फक्त थांबा."

मधुकररावांनी पेटीकडं पाहिलं. काचेवर वाफ धरली होती. चेहरा नीट दिसत नव्हता.

"क्षिप्रा, आम्ही जाऊन आलो."

"कुठं?"

"झालं सगळं, बाळा. आत्ताच परतलोय. आंघोळी चालल्यात."

हौसेराव ताडकन उठले. सरोजिनीनं त्यांचा दंड धरला. स्वयंपाकघराच्या दारात शेजारच्या बाईंना हुंदका आला, त्यांनी पदर तोंडात कोंबला.

पलीकडून क्षिप्राचा आवाज आला.

"मी मगाशीच सांगितलं होतं, थांबा म्हणून."

"हो."

"एवढी काय घाई होती तुम्हाला?"

मधुकररावांनी काचेवरची वाफ हातानं पुसली.

"मग आता येऊन काय करू मी?" तिनं विचारलं. पुन्हा एकदा, हळू आवाजात, तेच विचारलं. मागं घंटा झाली. "पहिला तास माझाच आहे. वर्गावर जायला इथं दुसरं कुणी नाही."

"जा."

ती गेली, पण फोन बंद करायचा राहिला. तिच्या चपलांचा आवाज ऐकू आला, मग एक दार, मग खुर्च्या सरकवल्याचा गोंधळ. "गुड मॉर्निंग," ती म्हणाली. मुलांनी एका सुरात उत्तर दिलं. ती हजेरी घेऊ लागली. नावं सगळी परकी. एका नावाशी ती मध्येच अडखळली, थांबली, आणि ते नाव पुन्हा पहिल्यापासून म्हणाली.

"काका, बंद करा तो फोन," सरोजिनी म्हणाली.

मधुकररावांचा हात उचलेना. हौसेराव पुढं झाले. दाजींकडं न बघता त्यांनी फोन घेतला, पेटीच्या काचेवर बहिणीच्या कानाशी ठेवला, आणि हजेरी संपेपर्यंत कुणाला पेटीजवळ येऊ दिलं नाही.