भाऊबिजेची तारीख

चित्राच्या रक्तात हेपॅटायटिस सी निघाला, हे कळताच मल्हारने दवाखान्यातच तिच्या कानाखाली वाजवली.

"कुणाबरोबर झोपलीस, बोल!"

"हात खाली घ्या," नर्सबाई मध्ये पडल्या. "शरीरसंबंधातून हा क्वचितच लागतो. एकाचं रक्त दुसऱ्याच्या रक्तात मिसळलं की लागतो. कुणाकडून, कधी लागला, ते दोघांच्या रक्तावरून हे यंत्र सांगेल."

"आधी माझं रक्त घ्या. मी स्वच्छ आहे." मल्हारने बोट पुढे केलं, मग चित्राचं बोट यंत्राच्या दुसऱ्या सुईवर दाबलं.

पडद्यावर अक्षरं उमटली: कुणाकडून – पती. कधी – गेली भाऊबीज. कसा – उघड्या जखमेतून.

चित्राने ओठावरचा व्रण चाचपला.

"माहेरी जाते म्हटलं, म्हणून ह्यांनी ठोसा मारला होता," ती म्हणाली. "माझा ओठ फाटला, आणि माझ्या दातांवर ह्यांची बोटं सोलली."