बाबांचा आवाज

सरकारी आरोग्य विम्यातल्या व्हिडिओ तपासण्या खऱ्या की बोगस, हे रेकॉर्डिंग ऐकून ठरवणं हे माझं काम. आज हेडफोन लावला आणि स्क्रीनवर नाव आलं ते आमच्या बाबांचं!

लकवा झाल्यापासून बाबांच्या तोंडून शब्द फुटलेला नाही. ते दादाकडे असतात. तपासणीचा ओटीपी तेवढा माझ्या फोनवर येतो. "चिमे, आकडे सांग पटकन, डॉक्टर खोळंबलेत," असं दादा म्हणाला, की मी डोळे झाकून सांगते.

रेकॉर्डिंगमध्ये कॅमेरा बंद होता. डॉक्टरांनी विचारलं, "काय आजोबा, काय होतंय?"

"पाय फार ठणकतात हो. चाकांची खुर्ची, कमरेचा पट्टा, काय लागेल ते लिहून टाका."

तोच खर्जातला आवाज, तेच मध्येच घसा खाकरणं. मला रडूच कोसळलं. बाबा बोलायला लागले आणि या शहाण्यानं मला कळवलंसुद्धा नाही! दादाला झापायला फोन उचलला, आणि नंबर न लावताच खाली ठेवला.



लहानपणी बाबा कामावर गेले, की दादा त्यांचा हुबेहूब आवाज काढून मला पोट दुखेस्तोवर हसवायचा.