दुसरा ठिपका

भगवंत मास्तरांच्या छातीत पाणी झालं होतं. अकोल्याच्या डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत मशीनच्या पडद्यावर पाहून ते कुठं साचलंय ते शोधलं, पाठीवर शाईचा काळा ठिपका दिला आणि ते सुई उकळून आणायला गेले. मास्तर उघड्या पाठीनं टेबलावर ओणवे झाले. मागं आई उभी होती, पार्बताबाई.

डॉक्टर आले. "आता अजिबात हलायचं नाही. सुई जरा जरी चुकली तर..." आणि ते थांबले. "ठिपके दोन कसे? मी एकच दिला होता."

मागं वळून पाहायची मास्तरांची हिंमत होईना.

"वरचा म्या लावला सायेब," आई हळूच बोलली. "डोयातलं काजय. उघड्या पाठीले कोनाची नजर लागन म्हून. राग नोको करू बापू. तू शाळेत पोराइच्या तीटा पुसतं, मले मालूम हाये."

डॉक्टरांनी ओला बोळा वरच्या ठिपक्याकडे नेला.

"डॉक्टरसाहेब," टेबलात तोंड खुपसूनच मास्तर म्हणाले, "तो राहू द्या."