चाक थांबेपर्यंत

"परत उघड," गाडीखालून बाबा म्हणाले.

ती ड्रायव्हरच्या सीटवर होती. परत? त्या म्हाताऱ्या जीपचा मागचा एक्सल तिनं एकदा सोडून दोनदा उघडला होता, दोनदा बंद केला होता. आता पुन्हा तेल काढा, चाकं काढा, दोन्ही बाजूंचे दांडे ओढा आणि मधला तो दातेरी पसारा पोटाशी धरून खाली उतरवा. बाळंतपण परवडलं!

जीप आली तेव्हा खरंच रडत होती. पेडल दाबलं की मागून गळा काढायची, सोडलं की गप्प. मालकीणबाई जनावरांच्या डॉक्टर. डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर जायला दुसरी कुठली गाडी चढायची नाही. बाबांनी एक फेरी मारली, खाली उतरले आणि किल्ली तिच्या हातावर ठेवली. "ही तुझी, उस्ताद. मी बोटसुद्धा लावणार नाही. शेवटी ऐकेन फक्त."

तिला आभाळ ठेंगणं झालं. तेल काढलं तर त्यात चांदीची चकाकी. बोटांत चोळून बघितली, लोखंडाचा कीस. लहान दातेरी चाकामागचं बेअरिंग खलास झालं होतं. तिनं नवं बसवलं, पातळ चकत्या घालून काढून अंतर जुळवलं, दातांना पिवळा रंग फासून चाक फिरवलं. ठसा दाताच्या बरोब्बर मध्ये उमटला, म्हणजे दात नीट जुळले होते. बाबांनी चष्मा पुसून ठसा बघितला आणि मान डोलावली. आता एकच शब्द यायचा राहिला होता: "जमलं." बाबांच्या तोंडून तो निघणं म्हणजे गंजलेला नट नुसत्या बोटांनी सुटणं. आजवर तिच्या वाट्याला तो आलाच नव्हता.

मग बाबांनी ऐकलं. आणि म्हणाले, "रडतोय."

दुसऱ्यांदा उघडून बंद केल्यावरही तेच.

"मला तर काही ऐकू येत नाही हो," डॉक्टरीणबाई कंटाळून म्हणाल्या. "मी बैलांनासुद्धा इतक्या वेळा फाडत नाही!"

"तुम्हाला गाईच्या पोटातलं कळतं ना, बाई? मग लोखंडाच्या पोटातलं माझ्यावर सोडा."

"उद्या सकाळी गाडी मिळाली नाही, तर मी ती ओढून दुसरीकडे नेणार. तुमच्या हातावर भरवसा म्हणून इतके दिवस थांबले." त्या गेल्या. त्यांच्यासारखी पाठ फिरवून गेलेली गिऱ्हाइकं या वर्षात बरीच झाली होती. बाबा हल्ली कुठलीच गाडी सोडायला तयार नसत. सगळ्यांत त्यांना काहीतरी किणकिणताना ऐकू यायचं.

तिनं तिसऱ्यांदा एक्सल उघडला. आत तोच पिवळा ठसा, तसाच मधोमध. दोष सापडला असता तर ती नाचली असती. दोष नव्हता, आणि हेच भयंकर होतं. कारण मग दोष एकाच ठिकाणी उरत होता.

"बाबा, मला खरंच काही ऐकू येत नाहीये."

त्यांनी तिच्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी कीव केली. "हात आहे तुला," ते हळूच म्हणाले. "कान नाही. तो शिकवून येत नाही गं."

ती बोळातल्या नळावर हात धूत बसली. ग्रीस निघेना आणि डोळ्यांचं पाणी थांबेना. बाबांचा कान! त्या कानाला घरातला फ्रीज सोसवत नाही, म्हणून त्यांनी तो बंद करून टाकला होता. दूध नासायचं, आई चिडायची. गॅरेजात दिवसभर रेडिओची खरखर लावून ठेवत, स्टेशन लागलेलं नसलं तरी. शांतता झाली की म्हणे डोकं उठतं. एवढा तिखट कान, आणि त्याच्या पोटी ही बहिरी!

संध्याकाळ व्हायच्या आत एक्सल पुन्हा बंद झाला. मागची चाकं हवेत, गाडी लोखंडी घोड्यांवर टेकवलेली. बाबा लांब सळई घेऊन खाली सरकले. त्यांची रीत ठरलेली. गाडी वेगात आणायची, गिअर काढायचा, इंजिन बंद करायचं आणि चाकं आपोआप फिरू द्यायची. इंजिन गप्प बसलं की एक्सल खरं बोलतो, असं ते म्हणत. ती नेहमी वर सीटवर बसून निकालाची वाट बघायची.

"रेडिओ बंद कर. हं, दे वेग!"

तिनं वेग दिला. गिअर काढला. किल्ली फिरवली.

आणि या वेळी ती वर थांबली नाही. कसा रडतो ते एकदा तरी ऐकायचंच, मग हे काम सोडून द्यायचं. ती धावत मागे गेली, चाकाशेजारून आत सरपटली आणि गरम एक्सलपाशी कान नेला.

सुर्र. सुर्र. मऊ, पुस्तकाची पानं उलटावीत तसा आवाज. मग तोही विरत गेला. तिच्या नाकासमोर टायरवरची खडूची खूण सावकाश खाली आली, जराशी मागे डुलली आणि थांबली.

कुठेच काही हलत नव्हतं. छपरावर एक पान पडलं, तेसुद्धा तिला ऐकू आलं.

बाबांचे डोळे मिटलेले होते. सळईचं एक टोक एक्सलवर, दुसरं कानाशी. ती शेजारी आल्याचं त्यांना समजलं असावं, कारण चाचपडत त्यांनी तिचा हात धरला आणि सळई कानावर आणखी घट्ट दाबली.

"ऐक," ते कुजबुजले. "अजून रडतोय."