बर्फावरची मोकळी जागा

निवृत्त झाल्यापासून मास्तरांना एकच नाद लागला होता. सकाळी परसातल्या बर्फावर दाणे फेकायचे आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून चिमण्यांचे फोटो काढत बसायचं.

परवाच्या फोटोत कुंपणापाशी घमेल्याएवढी जागा मोकळी दिसली. दाणे होते, पण एकही चिमणी तिथे फिरकत नव्हती. सगळ्या त्या जागेला वळसा घालून टिपत होत्या.

"मांजर बसलं असेल तिथे," बायको म्हणाली. "तुमच्यासारखंच, नुसतं बघत."

काल सकाळी ती मोकळी जागा परसाच्या मधोमध आली होती आणि दुपारपर्यंत थेट पायरीला टेकली. बर्फावर मात्र पावलाचा माग नव्हता.

आज मास्तर बिचकतच खिडकीशी गेले आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. चिमण्या परसभर पसरल्या होत्या, अगदी पायरीवरसुद्धा.

"अगं, लवकर ये! गेलं बघ ते!"

बायको दारात आली आणि थबकली. मग अंग चोरून, भिंतीला घासत, ओट्याच्या कडेकडेनं त्यांच्यापर्यंत पोचली.

"एवढा वळसा कशाला? सरळ मधून यायचं ना."

"मधून कशी येऊ?" ती चिडून म्हणाली, आणि मग मधल्या रिकाम्या फरशीकडे बघतच राहिली.