उसना सिलिंडर

खाली ट्रकचा भोंगा वाजत होता आणि ज्ञानदा अजून आपल्या सिलिंडरमधली हवा शेजारच्या रोझीमावशींच्या सिलिंडरमध्ये भरत बसली होती.

"अगं, आपलीच जेमतेम घाटमाथ्यापर्यंत पुरेल!" हेरंब नाकातोंडावरचा मास्क सावरत दारातल्या दारात येरझाऱ्या घालत होता. "वर मोकळा श्वास घेता येतो म्हणतात, पण तिथवर पोचायला नको?"

"सोनू तापली होती तेव्हा मावशींनी भरलेला दिला होता. आता रिकामा परत करू? साधी वाटीसुद्धा आपण कुणाला रिकामी देत नाही."

हेरंबने लेकीला, सोनूला, मास्क चढवला. साठी उलटलेल्यांना ट्रकमध्ये जागा नव्हती, त्यामुळे मावशी या विषारी हवेतच मागे राहणार होत्या. खाडीकाठावरून निघणारा हा शेवटचाच ट्रक होता आणि तो परत येणार नव्हता.

मावशींनी आपल्या दारात सिलिंडर हातात घेतला आणि हवा दाखवणाऱ्या काट्याकडे पाहिलं; तो भरलेल्या खुणेवर होता. ज्ञानदा पाया पडायला वाकली, तेवढ्यात पुन्हा भोंगा वाजला आणि हेरंबने तिला आणि सोनूला ओढतच खाली नेलं.

ट्रक हलला, तोच मावशी धापा टाकत रस्त्यावर आल्या. ट्रकच्या मागच्या फळीवरून त्यांनी तोच सिलिंडर आत, सोनूच्या मांडीवर लोटला. काटा होता तिथेच होता.

"मावशी, अहो, हे काय!" ज्ञानदा किंचाळली.

"उसना देतेय गं!" मावशी ट्रकमागे चालत ओरडल्या. "परत आणून दे. आणि रिकामा आणू नकोस!"